मदत हवी आहे: दुसऱ्याच्या गाडीचं चलान वडिलांच्या नावावर

नमस्कार मंडळी,
आप्पांच्या मोटारसायकलवर ई-चलान आलंय, ट्रिपल सीटचं. गाडी अंबाजोगाई पासिंग, एमएच ४४. ती केजच्या पुढं कधी गेली नाही आणि चलान पार दुसऱ्या शहरातलं. ॲपवरचा फोटो मोठा करून पाहिला तर त्यात स्कूटर आहे! स्कूटरच्या नंबरातला शेवटचा आकडा ३ आहे, तो ८ वाचलाय.

ऑनलाइन तक्रार केली, उत्तर नाही. आता लोकअदालतीत तडजोड करा असा मेसेज आलाय. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. मग चूक नसताना तडजोड का करायची? रकमेचा प्रश्न नाही, आप्पांनी उभ्या हयातीत पोलीस स्टेशनची पायरी चढली नाही, त्यांना झोप लागंना.

ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर आप्पांच्या नावानं अंबाजोगाई कोर्टात शोधलं, काही निघालं नाही. प्रकरण जिथं चलान झालं तिथल्या कोर्टात दिसतं का? प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर नसेल तर गाडीच्या नंबरावरून व्हर्च्युअल कोर्टात (चलानांच्या ऑनलाइन कोर्टात) सापडतं का? आणि तिथं दंड न भरता 'लढवायचं आहे' असं निवडलं तर तारखेला एवढ्या लांब जावंच लागतं का?

कोणी असं चलान रद्द करून घेतलंय का? आरसी आणि गाडीचे फोटो तयार आहेत. अर्ज नेमका कोणाकडं द्यायचा, तेवढं सांगा. तालुका विधी सेवा समितीत कोणाला चांगला अनुभव असेल तर तेही कळवा.