विषय: पदभ्रमंतीचं पत्रक – एडिंबराचं (स्कॉटलंड) रॉयल हायस्कूल

नमस्कार मंडळी,
पत्रकातला मजकूर असा आहे: 'कॅल्टन हिलवरची ही ११२८ सालची शाळा. सर वॉल्टर स्कॉट इथेच शिकले.' शुक्रवारी छपाईला देतो. काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा.
– सहल समिती

---

ताई, दोन वाक्यांत दोन चुका आहेत. शाळा आणि इमारत यांची गल्लत झाली आहे.

११२८ हे होलिरूड मठाच्या स्थापनेचं साल. शाळेचा उगम त्या मठात, म्हणून परंपरेने तेच साल शाळेलाही चिकटलं. 'परंपरेनुसार' हा शब्द गाळू नका. १५६६ मध्ये शाळा मठाकडून नगरपरिषदेकडे आली आणि 'रॉयल' हे बिरूद स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्या काळातलं. कॅल्टन हिल या टेकडीवरची डोरिक (प्राचीन ग्रीक शैलीच्या) खांबांची इमारत तर १८२९ ची, वास्तुविशारद टॉमस हॅमिल्टनची. समोरचं कवी बर्न्सचं स्मारकही त्याचंच.

कादंबरीकार स्कॉट शिकले ते हायस्कूल यार्ड्स या जुन्या जागी, १७७७ च्या इमारतीत. ती अजून उभी आहे, आता विद्यापीठाकडे. त्याआधी त्याच परिसरात १५७८ ची शाळा होती. १५९५ मध्ये सुट्टी नाकारली म्हणून पोरं शस्त्रं घेऊन आत कोंडून बसली. दार फोडायला आलेले बेली (नगर-दंडाधिकारी) जॉन मॅकमोरन गोळी लागून ठार झाले. गोळी झाडणारा विल्यम सिंक्लेअर पुढे सहीसलामत सुटला; बड्या घरचा होता! मॅकमोरनचं घर, रिडल्स कोर्ट, लॉनमार्केटमध्ये आजही आहे.

आणखी एक. पत्रकात पुढे 'रेक्टर' आहे. आपल्याकडे वाचणारा वसतिगृहाचे रेक्टर समजेल. तिथे 'मुख्याध्यापक' लिहा.
– इतिहास गट

---

काका, मग एल्फिन्स्टन कुठल्या इमारतीत? आणि चालायचा क्रम काय ठेवू?
– सहल समिती

---

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनही यार्ड्समधलाच. १७९६ मध्ये तो हिंदुस्थानात आला, पुण्यात रेसिडेंट (कंपनी सरकारचा प्रतिनिधी) झाला आणि १८१९ पासून मुंबईचा गव्हर्नर. आपल्या मंडळींना हे नाव स्कॉटपेक्षा जवळचं, तेव्हा ते आधी छापा.

क्रम: रिडल्स कोर्ट, मग साउथ ब्रिजवरून इन्फर्मरी स्ट्रीटच्या टोकाला यार्ड्स. नकाशात साउथ ब्रिज आणि काउगेट एकमेकांना छेदताना दिसतात. प्रत्यक्षात पूल वरून जातो. काउगेटने आलेला माणूस पुलाखालीच घुटमळतो, म्हणून 'इन्फर्मरी स्ट्रीटनेच या' असं ठळक छापा. तिथून परत साउथ ब्रिज, सरळ नॉर्थ ब्रिज ओलांडायचा, टोकाला उजवीकडे वॉटर्लू प्लेस. तोच रस्ता पुढे रीजंट रोड होतो. तिथली कॅल्टन हिलची इमारत फुटपाथवरून बघायची, आत जाता येईल असं छापू नका. शेवटी उतरून होलिरूड. मठाचे अवशेष राजवाड्याच्या आवारात आहेत, त्यामुळे राजवाड्याचं तिकीट लागतं, खर्चात धरा.

रीजंट रोडला थांबाल तेव्हा सांगायची गोष्ट: १९६८ मध्ये शाळा बार्न्टनला गेली (१९७३ पासून मुलीही), आणि रिकाम्या इमारतीत स्कॉटिश असेंब्लीसाठी (स्कॉटलंडच्या नियोजित विधिमंडळासाठी) सभागृह तयार केलं. १९७९ मध्ये त्या असेंब्लीवर घेतलेल्या सार्वमतात ५१.६ टक्के मतं बाजूने पडली, पण अट एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची होती आणि भरले ३२.९. सभागृह तसंच पडून राहिलं. पुढे स्कॉटलंडची संसद आली ती होलिरूडला, म्हणजे शाळा जिथून निघाली त्या मठाच्या शेजारी.

बार्न्टन शहराच्या पश्चिम टोकाला आहे, पायी नेऊ नका.
– इतिहास गट