फोल्स म्हणजे आयत्या बिळावर नागोबा? मला हे अजिबात पटत नाही

फिलीकर:

गेल्या रविवारी आमच्या घरी मॅच बघायला मंडळी जमली होती. बोलता बोलता २०१७ च्या ईगल्सचा, म्हणजे फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, विषय निघाला आणि एक मित्र म्हणाला, "घर बांधलं व्हेंट्झने, राहायला आला फोल्स. आयत्या बिळावर नागोबा!" सगळे हसले. मला मात्र ते लागलं. तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो खेळाडू. पास कुणाला टाकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं, तेही अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड माणसांसमोर. प्रत्येक टीमकडे त्याचा एक राखीव असतो. ईगल्सचा मुख्य होता व्हेंट्झ, राखीव फोल्स. पण सीझन सुरू झाला की पहिल्या फळीबरोबरचा सराव जवळपास सगळा मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातो. राखीव काय करतो? पुढच्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो, आपल्याच बचावफळीला सवय व्हावी म्हणून. आठवडेच्या आठवडे दुसऱ्याच्या चाली खेळायच्या, आणि एक दिवस अचानक सांगतात, जा, आता तू.

१० डिसेंबर २०१७, लॉस एंजेलिस. कार्सन व्हेंट्झ गोलरेषेकडे झेपावला आणि त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. त्याच गुडघ्यावर तो आणखी चार चाली खेळला आणि टचडाउनचा (चेंडू गोलरेषेपार नेला की ६ गुण) पास टाकून मगच बाहेर गेला. मी त्याला कमी लेखत नाही. १३ सामन्यांत ३३ टचडाउन पास होते त्याचे. पण पुढे जे झालं ते 'आयतं' नव्हतं. नाताळच्या रात्री रेडर्सविरुद्ध निक फोल्स इतका चाचपडत होता की आम्ही टीव्हीसमोर गप्प बसलो होतो. मग काउबॉइजकडून ०-६ हार. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पहिलं मानांकन, सामना आपल्या मैदानावर, तरी जाणकारांनी फाल्कन्सना झुकतं माप दिलं. ईगल्स १५-१० ने जिंकले आणि लेन जॉन्सन व ख्रिस लाँग कुत्र्याचे मुखवटे घालून मैदानात फिरले. पुढच्या आठवड्यात वायकिंग्जविरुद्ध ३८-७, फोल्सचे ३५२ यार्ड.

आणि ४ फेब्रुवारी २०१८ ची सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, समोर पेट्रियट्स. हाफटाइमला ३८ सेकंद बाकी, चौथी चाल (चार चालींत जमलं नाही की चेंडू समोरच्यांकडे), गोलरेषा एका यार्डावर. फोल्स बाजूरेषेवर येतो आणि प्रशिक्षक डग पेडरसनला स्वतः त्या चालीचं नाव सुचवतो. पेडरसन क्षणभर बघतो आणि हो म्हणतो. चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे, त्याच्याकडून ट्रे बर्टनकडे, आणि बर्टनचा पास कोपऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या फोल्सच्या हातात. त्याच हाफमध्ये पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याच्या हातून असाच एक झेल सुटला होता! तो क्षण मी किती वेळा पाहिला असेल, मोजलेलं नाही.

२०१६ मध्ये रॅम्सने सोडल्यावर हा माणूस खेळच सोडायच्या विचारात होता. त्याला नागोबा म्हणू नका.

सह्याद्री:

तुमच्या मित्राचे शब्द कडू असतील, पण मुद्दा खोटा नाही. पहिलं मानांकन कुणामुळे मिळालं? व्हेंट्झ जखमी झाला त्या दिवसापर्यंत ११ विजय झाले होते. त्यामुळे एक फेरी विश्रांती आणि दोन्ही सामने घरच्या मैदानावर. क्वार्टरबॅकला वाचवायला समोर जेसन केल्सीसारखी भिंत उभी होती. फोल्सला ही शिदोरी मिळाली.

आणि नंतरचं बोला ना. जॅग्वार्स या टीमने २०१९ मध्ये फोल्सला ४ वर्षांसाठी ८८ दशलक्ष डॉलर कबूल केले. पहिल्याच सामन्यात गळ्याजवळचं हाड मोडलं, हे दुर्दैव, मान्य. पण त्या सीझनमध्ये तो ४ सामन्यांत उतरला आणि चारही हरले. टीम चांगली असली की राखीव चांगला दिसतो. २००० चे रेव्हन्स आठवा. टोनी बँक्सच्या जागी ट्रेंट डिल्फर आला, सुपर बोल ३४-७ ने जिंकली, आणि लगेच त्याला टीमने नारळ दिला. त्यांना ठाऊक होतं की सामने बचावफळीने जिंकलेत. १६ सामन्यांत फक्त १६५ गुण दिले होते तिने.

मनवा:

डिल्फरचं पटलं. पण १९९० च्या जायंट्सना त्याच मापाने मोजू नका.

१५ डिसेंबरला बिल्सविरुद्ध मुख्य क्वार्टरबॅक फिल सिम्सचा पाय मोडला आणि इतकी वर्षं बाकावर बसलेला जेफ हॉस्टेटलर पुढे आला. सुपर बोलमध्ये समोर पुन्हा बिल्सच. दुसऱ्या क्वार्टरमध्ये जायंट्स ३-१० ने मागे, आणि हॉस्टेटलर स्वतःच्याच एंड झोनमध्ये (गोलरेषेमागच्या पट्ट्यात) मागे सरकताना सहकाऱ्याच्या पायाला अडखळला. ब्रूस स्मिथने त्याचं उजवं मनगट पकडलं, ज्या हातात चेंडू होता तेच. चेंडू सुटला असता तर सरळ टचडाउन. हॉस्टेटलरने तो हात मागे खेचून चेंडू पोटाशी धरला आणि तसाच खाली पडला. बिल्सना फक्त २ गुण मिळाले. सामना जायंट्सनी २०-१९ ने जिंकला. एका गुणाने! बचावफळीचं कौतुक करा, पण ते मनगट बचावफळीचं नव्हतं.

त्या दिवशी जायंट्सकडे चेंडू ४० मिनिटांहून जास्त वेळ होता. बिल्सचं वादळी आक्रमण बाजूला बसून राहिलं, ते हॉस्टेटलर एकेक फर्स्ट डाउन (१० यार्ड पार केले की पुन्हा चार चाली) मिळवत राहिला म्हणूनच.

फिलीकर:

@सह्याद्री, बचावफळीचा मुद्दा तुम्ही काढलात तर २०१८ च्या सुपर बोलचेच आकडे घ्या. पेट्रियट्सनी ६१३ यार्ड काढले. ब्रेडीने एकट्याने ५०५ यार्ड पास टाकले. त्यांना एकदाही पंट करावा, म्हणजे चाली फसल्यामुळे लाथेने चेंडू समोरच्यांकडे द्यावा, लागला नाही! बचावफळीने ब्रँडन ग्रॅहमचा तो एक घाव घातला, शेवटी ब्रेडीच्या हातातला चेंडू उडवला तो. बाकी रात्रभर फोल्स गुणाला गुण देत होता. ३७३ यार्ड, ३ टचडाउन पास, आणि अडीच मिनिटांहून कमी वेळ उरला असताना झॅक अर्ट्झला दिलेला तो ११ यार्डांचा पास. ४१-३३. शिदोरी त्या रात्री संपलेली होती.

आणखी एक. ही टीम घडवणाऱ्या दोघांकडे बघा. पेडरसन स्वतः ब्रेट फावरच्या मागे बाकावर बसलेला. आक्रमणाचा प्रशिक्षक फ्रँक राइक बफेलोत जिम केलीचा राखीव, ज्याने जानेवारी १९९३ मध्ये ३-३५ वरून ह्यूस्टनला हरवलं होतं. राखीव माणसाला काय जमतं आणि कशाने तो बिचकतो, हे त्यांना आतून माहीत होतं. म्हणून त्यांनी व्हेंट्झच्या चाली फोल्सवर लादल्या नाहीत, त्याला २०१३ मध्ये जमलेल्या चाली परत आणल्या. त्या वर्षी त्याचे २७ टचडाउन होते आणि इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) फक्त २.

नदीकाठ:

कर्ट वॉर्नरला कसे विसरलात? १९९८ मध्ये रॅम्सचे ४ विजय, १२ पराभव. ऑगस्ट १९९९ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला आणि किराणा दुकानात फळ्यांवर माल लावलेला हा माणूस आला. ४१ टचडाउन पास आणि सुपर बोल. तिथे आयतं बीळच नव्हतं.

अण्णा:

मी या देशात आलो ते मायामीला, १९७१ साली. त्यामुळे डॉल्फिन्सचं १९७२ साल डोळ्यांसमोर घडलेलं. पाचव्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीचा पाय मोडला. ३८ वर्षांचा अर्ल मोरॉल आला आणि नियमित सीझनचे उरलेले सगळे सामने जिंकून दिले. प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडलाही हरवलं. पिट्सबर्गविरुद्ध हाफटाइमला ७-७, तेव्हा प्रशिक्षक डॉन शुलांनी ग्रीसीला परत उतरवलं. सुपर बोल ग्रीसीने खेळली. सीझनभरात १७ विजय, ० पराभव.

आता सांगा, हे विजेतेपद कुणाचं? मोरॉल कुरकुरला नाही. आम्ही मात्र घरी त्याच्यासाठी हळहळलो. तुम्ही सगळे शेवटचा सामना खेळणाऱ्याला हार घालताय. मग मोरॉलच्या गळ्यात काय?

मनवा:

अण्णा, याची उलटी बाजू २००१ मध्ये दिसली. मो लुइसच्या धडकेने पेट्रियट्सचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याच्या छातीत रक्तस्राव झाला आणि नवोदितांच्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर घेतलेला ब्रेडी आला. पण पिट्सबर्गविरुद्ध ब्रेडीचा घोटा दुखावला तेव्हा त्याच्या जागी उतरला तो ब्लेडसोच, चार महिन्यांनी! बाजूरेषेवर तसाच जोरदार धक्का खाऊन उठला आणि लगेच डेव्हिड पॅटनला टचडाउनचा पास दिला. जागा गेलेल्या माणसाने टीमला सुपर बोलला पोचवलं. पुढचा सीझन तो बफेलोकडून खेळला.

या सगळ्यात प्रशिक्षक बिल बेलिचिक मात्र कायम. १९९० मध्ये जायंट्सची बचावफळी त्यांची, २००१ चे पेट्रियट्स त्यांचे. दोनदा राखीव क्वार्टरबॅकबरोबर जिंकले आणि २०१८ मध्ये राखीवाकडूनच हरले.

सह्याद्री:

फिलीकर, ६१३ यार्डांपुढे मी गप्प बसतो. त्या एका रात्रीपुरता फोल्सला नागोबा म्हणणं चूक, शब्द परत घ्यायला सांगा मित्राला. पण अण्णांच्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलेलं नाही. स्टेडियमबाहेर पुतळा आहे, पेडरसन आणि फोल्स चालीबद्दल बोलताहेत तो. व्हेंट्झ कुठे आहे त्यात?

फिलीकर:

नाहीये. दर वेळी मॅचला जाताना मी तिथे थांबतो, आणि अण्णा, पुढच्या वेळी तुमचा मोरॉलही आठवेल. पण तो पुतळा झेल घेतानाचा नाही, विचारतानाचा आहे. राखीव खेळाडू प्रशिक्षकाला विचारतोय, ही चाल करूया का. ते विचारणं व्हेंट्झने त्याच्यासाठी मागे ठेवलेलं नव्हतं.