शाळा सुटल्यावर मुलांना नदीवर न्यायचंय, तिथे नक्की करायचं काय? (गोव्यातला साखळी-डिचोली भाग)

साखळीची आई

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या आईबाबांना विचारायचं होतं. थोरली नऊ वर्षांची, चौथीत आहे, आणि धाकटा पाच वर्षांचा. दुपारी शाळेतून आली, जेवली, थोडी लोळली, अभ्यास आटपला की साडेचारपासून दिवेलागणीपर्यंत मोबाईल नाहीतर टीव्ही. मी ओरडते, मग ती रडतात, मग मीच दहा मिनिटं म्हणून परत हातात देते, असं रोज चाललंय. परवा सहज मनात आलं की घरापासून वाळवंटी नदी चालत दहा मिनिटांवर आहे आणि माझ्या मुलांनी नदी पाहिलीय ती फक्त गणपती विसर्जनाला! खूप वाईट वाटलं. रविवारी बीचवर जातो कधीतरी, पण त्यात अर्धा दिवस गाडीतच जातो. नदी कशी रोजची आहे, शाळेच्या दिवशीही जाता येईल.

अडचण अशी की मला पोहता येत नाही, मिस्टरांची शिफ्ट ड्युटी, सोबत फक्त सासूबाई येऊ शकतात, त्यांचे गुडघे दुखतात. त्यामुळे पाण्यात न उतरता मुलं दीड-दोन तास रमतील असं काय करता येईल? मागच्या आठवड्यात एकदा नेलं होतं तर वीस मिनिटांत "आई आता काय करू" सुरू झालं. कोण नियमित जात असेल तर सांगा प्लीज. आता पाऊस पण संपत आलाय म्हणून म्हटलं सुरुवात करू.

विठ्ठलापूरची

ताई, वीस मिनिटांत कंटाळली ना, आमचंही अगदी तसंच झालं होतं. मी पहिला महिनाभर बॅट, बॉल, फुगे उडवायची बाटली, सगळं पिशवी भरभरून न्यायचे आणि मुलं घरातलेच खेळ घाटावर बसून खेळायची, मग नदी हवी कशाला? एक दिवस पिशवी घरी राहिली आणि तोच दिवस सगळ्यात चांगला गेला. तेव्हापासून मी फक्त चहाची जुनी मोठी गाळणी, एक पांढरं ताट आणि खाऊचा डबा नेते.

ताटाचं सांगते. घाटाच्या कडेला पाणी उथळ आणि संथ असतं तिथे मी स्वतः खालच्या कोरड्या पायरीवर बसून गाळणीने पाणवनस्पतींच्या मुळांकडचा गाळ थोडा काढते आणि ताटात पाणी घालून त्यात सोडते. पांढऱ्यावर सगळं हलताना दिसतं. पहिल्यांदा मुलांना वाटलं नुसता कचरा आहे, मग त्यातलं एक "काडीसारखं" चालायला लागलं. ती चतुराची अळी होती. आपण उडणारे चतुर बघतो ना, त्यांचं लहानपण पाण्याखाली जातं, काही जातींचं महिनोन्महिने, आणि मोठं व्हायची वेळ आली की ती अळी गवताच्या काडीवर चढून कात टाकते. ती रिकामी कात काठावरच्या गवताला चिकटलेली सापडते, माझ्या मुलाकडे काड्यापेटीत अशा चार आहेत, कुणालाही हात लावू देत नाही. बघून झालं की ताट परत नदीत रिकामं करायचं हा नियम, घरी बरणीत आणायचं नाही, मरतात बिचारी.

दुसरं म्हणजे पानांची शर्यत. घाटाच्या पायऱ्यांच्या कडेने मोठ्यांच्या पावलांनी दहा पावलं मोजायची, वरच्या टोकाला आजी पान सोडणार, खालच्या टोकाला आपण मोबाईलवर सेकंद मोजणार (मोबाईलचा तेवढाच उपयोग). फणसाचं पान, आंब्याचं पान, नारळाची सोललेली हीर, कोण आधी येतं बघा. थोरलीला वहीत लिहायला सांगा. माझ्या मुलीच्या लक्षात आलं की पाऊस पडून गेल्यावर तेच पान निम्म्या वेळात येतं, आणि काठालगतचं पान मधल्यापेक्षा सावकाश जातं. शाळेत वेगाचं गणित यायच्या आधीच ती ते करून बसली होती.

सासूबाईंना घाटाच्या वरच्या पायरीवर पाठ टेकायला मिळेल अशी जागा बघून द्या, त्या बसल्या की मुलं त्यांच्याभोवती येऊन जाऊन असतात. आणि खाऊ आधी द्या, नंतर नाही, भुकेली मुलं कुठेच रमत नाहीत. आमच्याकडे गोडाचे फोव (गूळ घातलेले पोहे) नाहीतर उकडलेले चणे.

रायबंदरचा बाबा

मी खालच्या अंगाचा, पण तुमची वाळवंटी पुढे आमच्या मांडवी नदीलाच मिळते म्हणून लिहितो. कधी शनिवारी दुपारी इकडे आलात तर रायबंदरहून फेरीने चोडणला उतरा. मुलांना फेरीबोट हाच निम्मा कार्यक्रम, माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि अजून रॅम्प खाली येतो तेव्हा श्वास धरून उभा असतो. पलीकडे धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, सगळं खारफुटीत.

पण यायचं कधी ते तिथी बघून ठरवा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज संध्याकाळी पाचला भरती असेल तर आठवड्याने पाचला ओहोटी. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला दुपारच्या सुमाराला पाणी भरतं आणि संध्याकाळी पार उतरतं, अष्टमीच्या आसपास उलटं, संध्याकाळी काठोकाठ. हे मला शेजारच्या रापणकार (रापण म्हणजे मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्या) आजोबांनी शिकवलं, ते कॅलेंडरवरची तिथी बघून सांगतात आज किती वाजता जायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या संध्याकाळी आलात तर चिखल उघडा पडलेला असतो आणि त्यावर निवट्या उड्या मारत असतात, मासा असून चिखलावर चालतो, मुलांचा विश्वासच बसत नाही! ओल्या कातडीतून आणि कल्ल्यांजवळ साठवलेल्या पाण्यावर तो बाहेर तग धरतो. बाजूला ते छोटे खेकडे, एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले, नर ती नांगी वरखाली हलवून मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला हाकलतो. आम्ही एकाच जागी गप्प उभे राहतो, हललात की सगळे बिळात. दोन मिनिटं थांबलं की परत एकेक बाहेर. माझ्या चंचल मुलाला गप्प उभं राहायला कुणी शिकवलं असेल तर या खेकड्यांनी.

चिखलात मात्र उतरायचं नाही, गुडघाभर आत जातो आणि कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापतो. रस्त्यावरून, धक्क्यावरून बघायचं.

सत्तरीचो काका

लेकी, तू विचारलंस ते चांगलं केलंस. मी म्हादईच्या (वरच्या अंगाला मांडवीला म्हादईच म्हणतात) काठावर वाढलो, आता साठी उलटली. आम्हाला नदीवर कुणी नेत नसे, आम्ही तिथेच असायचो, चपटे दगड शोधून भाकऱ्या काढायच्या, गरी टाकून बसायचं, एक शेवटा नाहीतर काळुंदर मिळालं तर घरी राजासारखं यायचं. दगडाच्या भाकऱ्या तुझ्या थोरलीला नक्की शिकव, दगड हाताच्या पंजाएवढा, चपटा, आणि कंबर वाकवून पाण्याला जवळजवळ समांतर सोडायचा. समोर कुणी नको तेवढं बघ.

पण दोन गोष्टी मनापासून सांगतो. माझा पुतण्या बारा वर्षांचा असताना अशाच परतीच्या पावसाच्या दिवसांत गेला. ऊन पडलं होतं रे आमच्याकडे. वर सह्याद्रीच्या घाटात पाऊस झाला आणि पाणी इकडे अर्ध्या तासाने आलं, तो मधल्या खडकावर होता. म्हणून सांगतो, ऑक्टोबरात दुपारनंतर डोंगराकडे काळं दिसलं तर इथे कितीही ऊन असो, त्या दिवशी नदी नाही. काठावर असताना पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, तर चपला पण उचलायला थांबू नका, वर या. तुमच्या वाळवंटीवर वर अंजुणे धरण आहे, पावसाळ्यात दरवाजे उघडले की पातळी वाढते, ती सूचना पेपरात आणि व्हॉट्सॅपवर येते, ती वाचत जा.

दुसरं, वरून सपाट दिसणाऱ्या पाण्यावर विश्वास ठेवू नका. कुठे जुना कोंड (खोल डोह) असतो, कुठे रेती काढून तळाला खळगे पडलेत, घाटाची एखादी पायरी पाण्याखाली तुटलेली असते. शेवाळ धरलेली पायरी म्हणजे तेल सांडलेली लादी. एक काम कर, पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून त्याला दहा-बारा मीटर दोरी बांध आणि दर वेळी सोबत ने. कुणी पडलंच तर तू उडी मारायची नाही, तुला पोहता येत नाही, कॅन फेकायचा, धरला की ओढायचा. घरी अंगणात फेकायची सवय कर, मुलांनाही खेळ होईल. आणि ११२ नंबर सासूबाईंच्या फोनमध्ये पण घाल. धाकट्याला भडक रंगाचा शर्ट घाल, निळा नको, पाण्यात दिसत नाही.

हे वाचून जायचं बंद करू नकोस. आमचा भाऊ नंतर पंधरा वर्षं नदीकडे गेला नाही आणि त्याची बाकीची मुलं पोहायला शिकली नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

फोंड्याहून

काकांचं वाचून अंगावर काटा आला. एक भर घालते, आमच्याकडे खाजन शेतांच्या (खाडीकाठची बांध घातलेली शेतं) बांधावर फिरायला सुंदर वाटतं, पण मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दारांच्या) जवळ मुलांना अजिबात सोडू नका. भरतीच्या दाबाने ती लाकडी दारं आपोआप बंद होतात आणि ओहोटी लागली की उघडतात, त्या वेळी पाणी असं ओढ घेतं की मोठा माणूसही टिकत नाही. आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे काठावर बसून पाय सोडणं नको. बोरी-दुर्भाटकडचे शेतकरी पौष अमावास्येला मातीची मगर करून पूजा करतात, मांगे थापणी म्हणतात. मुलांना ती दाखवायला नक्की न्या, मगरीबद्दलची भीती आणि मान दोन्ही एकदम कळतं.

साखळीची आई

काका, तुमच्यासाठी काय लिहू कळत नाही. तुम्ही एवढं सांगितलंत, मनापासून आभार. कॅन बांधला, दोरी कपडे वाळत घालायची घेतली, अंगणात सासूबाईंचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे.

दोन आठवड्यांत चार वेळा गेलो, मंगळवार-गुरुवार ठरवलाय आणि एकदा जास्तीचं. एक गुरुवार डोंगराकडे काळं होतं म्हणून गेलो नाही, धाकटा दारात चप्पल घालून बसला होता, समजावताना त्रास झाला पण गेलो नाही. ताटात आम्हाला अजून चतुराची अळी मिळाली नाही, पण पाण्यावर चालणारे किडे बघून धाकट्याने घरी बादलीत चालायचा प्रयत्न केला. थोरली घाटाच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आहे ते वहीत लिहिते, पहिल्या दिवसापासून दोन पायऱ्या उतरलंय. सासूबाई तर घाटावर आल्या की बोलत सुटतात, त्यांचं लहानपण, धुणं घेऊन यायच्या ते, कुठे कोण राहायचं ते. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि यातलं मी काहीच ऐकलं नव्हतं.

मोबाईल सुटलाय असं नाही हं, बाकीच्या दिवशी आहेच. पण मंगळवारी सकाळी दोघंही विचारतात आज जायचं ना.

आता नवीन प्रश्न. थोरलीला त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला होडी सोडायचीय. दरवर्षी आम्ही नुसते बघायला जातो, ती मोठमोठी सजवलेली होडकी, स्पर्धा वगैरे. तिला स्पर्धा नको, तिची स्वतःची लहान होडी हवीय. थर्माकोल न वापरता कशी करायची?

विठ्ठलापूरची

अगं वा! केळीची कर. कापलेल्या केळीच्या खोडाचा हातभर लांब तुकडा घे, उभा मधून चीर, गोल बाजू खाली राहिली पाहिजे. आतून थोडं कोरून घे, जास्त नको नाहीतर कलंडते. शीड लावायचं तर बांबूची काडी आणि घोटीव कागद, पण शीड बुटकं ठेव, उंच केलं की वाऱ्याने आडवं होतं, आमची पहिली होडी घाटापासून चार हातांवर आडवी झाली आणि मुलगी रात्रभर रडली. दिवा अगदी मधोमध, पणती खोडात खोचून बसव म्हणजे हलणार नाही. दिवाळी झाली की पंधरा दिवस असतात हातात, तेवढ्यात गुरुवारी दिवसाउजेडी एकदा रिकामी सोडून बघा, मागे दोरा बांधून, म्हणजे ओढून परत घेता येईल.

केळीचं खोड आमच्या परसात आहे, गेल्या आठवड्यातच घड काढला. येत्या मंगळवारी घाटावर घेऊन येते, साडेचारला. सासूबाईंना सांग माझी आई पण येणार आहे, ती धुण्याच्या दगडांची गोष्ट तिलाही ऐकायचीय.