गच्चीवरचा प्रोजेक्टर : चित्र पांढरट दिसतंय

सचिव काका : उद्या रात्री शिवजयंतीच्या चित्ररथांचं शूटिंग गच्चीवर दाखवायचं ठरलंय. आत्ता लावून बघितलं तर सगळं पांढरट, धुरकट. ब्राइटनेस पूर्ण वाढवून झाला. ए-३०२ वाल्या दादांनी जरा सांगावं.

ए-३०२ : काका, वाढवलाय म्हणूनच जास्त पांढरट झालंय बघा. त्या सेटिंगनं प्रोजेक्टरच्या दिव्याचा उजेड वाढत नाही, चित्रातला काळा भाग तेवढा उजळतो. रात्रीची मिरवणूक म्हणजे निम्मं चित्र काळंच की. आकाश, ट्रॅक्टरखालची सावली, सगळं राखाडी होऊन बसतंय. आधी ५० वर आणा. आणि टाकीजवळचा बल्ब बंद करा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावर उजेड पडला नाही ती जागा काळी दिसते. बल्ब चालू असला तर कुठलंच सेटिंग कामाला येणार नाही.

बी-१०१ वैनी : सिनेमा मोड लावून बघितला ओ दादा, पिवळट आणि अंधारं वाटलं. परत डायनॅमिकवर नेलं.

ए-३०२ : वैनी, सिनेमावरच ठेवा, थोड्या वेळात डोळे सरावतात. डायनॅमिकला उजेड जास्त, पण बऱ्याच प्रोजेक्टरवर हिरवट झाक येते. भगवा भगवा दिसला नाही तर चित्ररथ दाखवून काय उपयोग? कलर टेंपरेचर, म्हणजे पांढरा रंग पिवळट की निळसर ते ठरवणारं सेटिंग, आकड्यात असेल तर ६५०० करा.

सचिव काका : ब्राइटनेस ५० केला, बल्ब घालवला. बरंच सुधारलं. पण काळं अजून राखाडीच वाटतंय.

ए-३०२ : लॅपटॉप एचडीएमआयनं जोडलाय का? मग रेंज बघा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे कुठून कुठवर धरलेत ते. लॅपटॉप १६ ते २३५ पाठवतोय आणि प्रोजेक्टर ० ते २५५ धरून चाललाय, असं असेल तर लॅपटॉपचं १६ चं काळं त्याला राखाडी वाटणार. दोन्हीकडे एकच ठेवा.

सचिव काका : होय की! प्रोजेक्टरवर ऑटो होतं, लिमिटेड म्हणजे १६ ते २३५ केलं. काळं आलं बघ.

ए-३०२ : आता काळा घोडा दिसतो तिथं व्हिडिओ थांबवा. ब्राइटनेस एकेक आकडा कमी करत जा. आयाळ अंगात मिसळली की जरा मागं या. मग ढोलवाल्यांचे पांढरे सदरे. कॉन्ट्रास्ट वाढवताना चुण्या दिसेनाशा झाल्या की थांबून थोडा खाली घ्या. शार्पनेस कमीच बरा, नाहीतर माणसांच्या कडेनं पांढरी रेघ उमटते.

सी-२०४ मावशी : मागच्या खेपेला दुकानांच्या मराठी-कन्नड पाट्या वाचता येत नव्हत्या, ते पण बघ रे बाळा.

ए-३०२ : मावशी, तेव्हा प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोननं, म्हणजे वाकडं चित्र सरळ करायच्या सेटिंगनं, चौकोन केला होता. त्यात चित्र आकसतं, बारीक अक्षरं पुसट होतात. काका, टेबल पडद्यासमोर सरळ लावा आणि थोडं पुढं घ्या, चित्र लहान पण उजळ येईल. रुंदी-उंची दुप्पट केली की तेवढाच उजेड चौपट जागेत पसरतो.

सचिव काका : टेबल उद्या संध्याकाळी हलवू. दोघं पोरं पाठवा.