क्रूझचे भाव फार वाढलेत, न्यू जर्सीहून सहा जणांना परवडेल असं काही सुचवा

एडिसनकर:
नमस्कार मंडळी, आई-बाबा मे महिन्यात पुण्याहून आमच्याकडे येतायत आणि यावेळी त्यांना क्रूझवर न्यायचंच असं मनात आहे. आम्ही दोघं, मुलं दोन (९ आणि ५) आणि ते दोघं. बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरावरून बर्म्युडा किंवा बहामाजला सात रात्रींच्या बोटी जातात त्या बघतेय, पण कोविडच्या आधी मैत्रीण जे भाव सांगायची त्यांच्याशी आताच्या भावांचा काही मेळच नाही, जुलैचे आकडे तर बघवत नाहीत. बाबा म्हणतात एवढा खर्च करू नका, पण त्यांची पंचाहत्तरी जवळ आलीय, पुन्हा एवढा प्रवास झेपेल की नाही माहीत नाही, म्हणून मला हे करायचंच आहे. पैसे नेमके कुठे वाचतात?

दर्यावर्दी:
ताई, भाव उतरतील म्हणून थांबू नका. २०२० मध्ये बोटी बंद पडल्या तेव्हा कंपन्यांनी प्रचंड कर्ज काढलं, ते अजून फेडतायत, आणि बोटी तर भरून जातायत. नवीन मोठी बोट बांधायला काही वर्षं लागतात आणि ती बांधणारी गोदीही जगात मोजकीच, त्यामुळे मागणी वाढली म्हणून लगेच बोटी वाढत नाहीत. तुमच्या हातात आहे ती तारीख. जर्सीच्या शाळा जूनच्या शेवटी सुटतात आणि लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आसपास उघडतात, तेवढेच आठवडे सगळ्यात महाग. आई-बाबा सहा महिने राहणार असतील तर सप्टेंबर बघा, मुलांची शाळा थोडी बुडेल पण भाडं बरंच खाली येतं. फक्त तो ऐन हरिकेनचा काळ, कंपनी ऐनवेळी बंदर बदलू शकते, त्याची तयारी ठेवा.

नाशिकची_मेघा:
भाड्याचा आकडा बघून ठरवू नका हो, पूर्ण बेरीज करा! जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे मोठ्या कंपन्या अमेरिकेत सगळीकडेच टॅक्स आणि पोर्ट फी धरून भाव दाखवतात, हे चांगलं झालं, पण टिप (बोटीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी रोज लागणारी ठरलेली रक्कम) त्यात नसते. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीची २०२५ मध्ये साध्या केबिनला माणशी दिवसाला १८.५० डॉलर होती आणि ती लहान मुलांनाही लागते, म्हणजे त्या हिशोबाने तुमच्या सहा जणांचे सात रात्रींचे ७७७ डॉलर नुसत्या टिपेचे. त्यावर वायफाय, दारूचं पॅकेज, फोटो. पॅकेज अजिबात घेऊ नका, एका मोठ्या माणसाने घेतलं तर त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं असा नियम असतो. चहा, साधी कॉफी, पाणी, लेमोनेड फुकट असतं, आपल्या लोकांना तेवढं पुरतं. आणि बुकिंग करताना रिफंडेबल डिपॉझिट घ्या, मग फायनल पेमेंटपर्यंत (सात रात्रींना बहुतेक ९० दिवस आधी) दर आठवड्याला तीच केबिन तपासत राहा, भाव पडला की फोन करून कमी करून घ्यायचा. कंपनी आपणहून सांगत नाही.

एडिसनकर:
अरे बापरे टिपेचा हिशोब मी केलाच नव्हता. मग सगळ्यांना आतल्या, बिनखिडकीच्या केबिन घेतल्या तर?

सातारी_बाणा:
तुम्ही चौघं घ्या की, तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडंही बहुतेक कमी असतं. आई-बाबांना नको. बिनखिडकीच्या खोलीत दिवस आहे की रात्र तेच कळत नाही, आणि म्हातारी माणसं दुपारी खोलीतच पडतात. त्यांच्यासाठी बाल्कनी नको, बंद खिडकीवाली केबिन घ्या, मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर, तिथे बोट कमी हलते. त्यांचं समुद्र बघणं त्या खिडकीतून होणार, तिथे कंजूसी करू नका. वाचवायचंच तर बोटीत वाचवा, कंपनीची जुनी लहान बोट घ्या, नव्या बोटीतल्या वॉटरस्लाइडचे पैसे आजी-आजोबांनी का भरायचे?

दर्यावर्दी:
+१. आणि बहामाजपेक्षा बर्म्युडा घ्या. बोट तिथल्या डॉकयार्ड बंदराला बऱ्याचदा एकापेक्षा जास्त दिवस उभी राहते, तिथूनच सरकारी फेरी आणि गुलाबी बस मिळते, पास काढला की हॅमिल्टन, सेंट जॉर्ज, हॉर्सशू बेचा किनारा सगळं होतं. बोटीवरची टूर माणशी घेतली तर सहा जणांचं कंबरडं मोडेल. घरापासून बंदर गाडीने जवळ, विमानाचं भाडं नाही, हा तुमचा सगळ्यात मोठा फायदा आहे. पार्किंगपेक्षा कोणा मित्राला सोडायला सांगा.

ठाण्याची_डॉक्टर:
एका ठिकाणी मात्र वाचवू नका. आई-बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स बोटीवर आणि बर्म्युडात चालतो का ते कंपनीकडून लेखी घ्या, अमेरिकेबाहेर पडल्यावर बऱ्याच पॉलिसींच्या अटी बदलतात. बोटीवर डॉक्टर असतो पण त्याचं बिल थेट तुमच्या खात्यावर लागतं, आणि समुद्रातून पेशंटला हलवायची वेळ आली तर खर्च आवाक्याबाहेर जातो. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री (एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा) आहे ना तेही बघा, परत येताना तो लागतो. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठी बॅग बंदरावर दिली की खोलीत पोचायला संध्याकाळ होते. आणि शाकाहारी असतील तर बुकिंग झाल्यावर लगेच कळवा, आधी सांगितलं तर बऱ्याच बोटींवर वरण-भात-भाजी करून देतात.