रंगवलेली डायल म्हणजे फसवणूकच का?

चावीवाला: काल इथे एकाने नवख्यांना बजावलं, ‘जुनं स्विस घड्याळ घ्यायचं तर डायल रंगवलेलं घेऊ नका, मुंबईत रंगवलेलं तर नकोच.’ वाचून राहवेना. फेवर ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ सालीच आपल्याकडे आली. इथल्या दमट हवेत डायल डागाळणारच. लोकांनी ती रंगवून घेतली, कारण त्यांना वेळ बघायची होती. माझं पहिलं घड्याळ, फेवर ल्युबाचं सी चीफ, तसलंच, निळ्या डायलचं, सतरा ज्वेलचं, म्हणजे आत चाकांच्या टेकूला सतरा खडे असलेलं. सकाळी चावी दिली की आजही दिवसभर चालतं. आधी मशीन बघा. झाकण उघडून दाखवत नसेल त्या दुकानातून उठा.

जुनाकाटा: नवख्याला मशीनमधलं काय कळणार? डायल भिंगाखाली कुणालाही वाचता येते. सहाच्या खाली ‘स्विस मेड’ आहे का? मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांसमोर येतात का? अक्षरं फाकलीत का? पहिल्या पगारात मी डायलवरचं नाव बघून एक घेतलं. आत भलतंच मशीन निघालं.

टिकटिक: मूळ दुखणं कारागिराचं आहे. बाबांचं रोमर घड्याळ सर्व्हिसिंगला दिलं. त्याने मशीन न खोलता पेट्रोलमध्ये बुचकळलं, तेल घातलंच नाही. वर न विचारता डायल रंगवली! बाराच्या आकड्याजवळ तपकिरी डाग होता, लहानपणापासून बघत आलो होतो. तो गेला.

चावीवाला: डागाचं वाईट वाटलं. पण पेट्रोलला नावं ठेवू नका. माझ्या काकांनी चाळीस वर्षं पेट्रोलनेच मशीनं धुतली. एकेक चाक सुटं करून, ब्रशने. सुकलं की सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल.

टिकटिक: तुम्हाला काका होते. आम्हाला गिऱ्हाइकाचे कपडे बघून भाव सांगणारेच भेटले.

जुनाकाटा: पेट्रोल पुरे! रंगवताना काटे खरवडतात त्याचं बोला. १९६०च्या आधीच्या, अंधारात चमकणाऱ्या आकड्या-काट्यांत बहुधा रेडियम असतं, किरणोत्सारी मूलद्रव्य. चमक मेली तरी रेडियम मरत नाही, निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. ती भुकटी श्वासातून आत जाते. नवख्याला हे आधी सांगायचं, का निळ्या डायलचं कौतुक?

चावीवाला: आवाज चढवू नका. रेडियमचं मी लिहायला हवं होतं, मान्य. पण तुमची फसगत झाकण उघडल्यावरच कळली ना? डायल वाचून नाही कळली. आणि रंगवलेली आहे असं सांगून, रंगवलेलीच्याच भावात विकली तर फसवणूक कसली?

जुनाकाटा: बरं, झाकण उघडा. पण भिंग आधी. आणि असं सांगून विकणारा मला बारा वर्षांत एकच भेटला.

टिकटिक: तो कुठे बसतो ते तेवढं सांगा. बाबांचं घड्याळ अजून बंदच आहे.