एचएसएचे पैसे पोट सपाट करायला वापरावेत का?

निशिगंध
इथे न्यू जर्सीत चरबी गोठवून कमी करणाऱ्या एका स्पाने पाटी लावली आहे, ‘एचएसए कार्ड चालेल’. (एचएसए म्हणजे वैद्यकीय खर्चासाठी पगारातून कर न कापता पैसे साठवायचं खातं.) ‘मेडिकल नेसेसिटी’चं, म्हणजे उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा असल्याचं पत्रही तेच मिळवून देतात, ऑनलाइन फॉर्म भरला की झालं. माझं मत, बिनधास्त वापरावं. पैसे माझ्या पगारातले आहेत. विम्याचा हाय डिडक्टिबल प्लॅन घेतलाय, त्यामुळे डॉक्टरांची बिलं बरीचशी मीच भरते. उरलेल्याचं काय करायचं हे आयआरएसने, म्हणजे कर खात्याने का सांगावं?

हिशेबनीस
कारण त्या पैशांवर तुम्ही कर भरलेला नाही. (निदान फेडरल तरी. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया राज्याच्या करात एचएसएला सूट देतच नाहीत, हे अनेकांच्या गावीही नसतं.) कार्ड चाललं म्हणजे खर्च मान्य झाला असं नसतं. एचएसएच्या हिशेबाचा फॉर्म ८८८९ तुम्ही भरणार, पावत्या तुम्ही जपणार आणि उद्या विचारणा झाली तर त्या रकमेवर आयकर आणि वर २० टक्के दंड तुम्हीच देणार. स्पावाला तेव्हा कुठे असेल? केवळ दिसणं सुधारणारी प्रक्रिया कायद्याने वगळली आहे. अपवाद जन्मजात व्यंगाचा, अपघाताचा आणि विद्रूप करणाऱ्या आजाराचा. आपणच भरलेल्या माहितीवर मिळालेल्या चिठ्ठीने आहार-व्यायामाचा खर्च वैद्यकीय ठरत नाही, असा इशारा आयआरएसने मार्च २०२४ मध्ये दिला आहे. मग चरबी गोठवण्याचं काय घेऊन बसलात!

निशिगंध
चष्म्याने नीट दिसत असतानाही एचएसएतून नंबर घालवायचं लेसिक ऑपरेशन चालतं ना? ते काय जीव वाचवायला करतात?

हिशेबनीस
लेसिकने डोळ्याचं काम सुधारतं. तुमचं पोट आहे तसंही त्याचं काम करतंय.

जुळ्यांची आई
हिशेबनीस, इतकं सोपं नाही हो. बाळंतपणानंतर माझ्या पोटाचे स्नायू मधोमध फाकले. वाकलं की पाठ धरते, लेकरू उचलवत नाही. फिजिओथेरपी करून झाली. सर्जन म्हणतात स्नायू शिवावे लागतील, इन्शुरन्सवाले म्हणतात ‘कॉस्मेटिक’. शिवताना वरची सैल कातडीही निघेल, पोट सपाट दिसेल. दिसलं छान, म्हणून दुखणं खोटं ठरतं का?

हिशेबनीस
ताई, तुमची गोष्ट वेगळी, आणि बाजू मजबूत आहे. वजन खूप घटल्यावर लोंबणारी कातडी काढल्याचा खर्च टॅक्स कोर्टाने २००१ मध्ये एका बाईंना वैद्यकीय म्हणून मान्य केला होता, कारण त्या कातडीचा रोजच्या जगण्यात त्रास होता आणि संसर्गाची भीती होती. तो निकाल दाखला म्हणून वापरता येत नाही, पण विचार कसा करतात ते कळतं. पाठदुखीची नोंद, फिजिओची बिलं, सर्जनचं पत्र सगळं फाइलला लावा. बिलात स्नायूंचं आणि कातडीचं वेगळं लिहून मागा.

निशिगंध
म्हणजे दुखलं तरच पैसे आपले. आरशात बघून रोज जीव कष्टी होतो, ते दुखणं नाही?

जुळ्यांची आई
दुखणं आहे ग. पण त्यावर स्पाचं यंत्र हाच उपाय, हे स्पानेच ठरवावं? मला ते पत्र खटकतं, तुझी इच्छा नाही.

हिशेबनीस
अगदीच हौस असेल तर ६५ पूर्ण होऊ द्या. मग दंड नाही, नुसता आयकर.

निशिगंध
तेव्हा गुडघ्यांनाच पुरणार नाहीत. ठेवा तुमचा एचएसए, मी क्रेडिट कार्डावर करते.